पणजोबांच्या खिशातली अमेरिका

धानोऱ्याच्या घरात तीन पिढ्या जपलेलं एक खिशातलं घड्याळ. त्याची किंमत काढायला मी निघाले आणि आधी स्वतःची फजिती करून घेतली...

एक छोटीशी टेस्ट घ्या. हे वाचता वाचता किती वाजलेत ते बघा बरं! काय केलंत? नव्वद टक्के मंडळींनी खिशातून मोबाइल काढला असणार. वेळ बघता बघता दोन मेसेजही वाचून झाले असतील, ती गोष्ट वेगळी. गंमत बघा, शंभर वर्षं मनगटावर काढून आपण पुन्हा तिथेच आलोय जिथे आपले पणजोबा होते. वेळ बघायची तर खिशात हात घालायचा!

माझे पणजोबा खिशात हात घालायचे तेव्हा त्यातून साखळीला बांधलेलं एक गोल, जाडजूड, झाकणाचं घड्याळ निघायचं. अंगठ्याने बटण दाबलं की टक्कन झाकण उघडायचं. आत पांढरीशुभ्र तबकडी, निळसर काटे, खाली सेकंदाचं इवलंसं वेगळं वर्तुळ आणि वर नाव : वॉल्थम. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बनलेलं हे घड्याळ गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्याला, साग-मोहाच्या जंगलात कसं पोचलं? घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं काही पडलेलं नव्हतं, मामाचा फोन येईपर्यंत.

दोन लाखांचा फोन

मागच्या जुलैतली गोष्ट. शुक्रवार, डेडलाइनचा दिवस, डोक्याचं पार भजं झालेलं. तेवढ्यात धानोऱ्याहून मामाचा फोन. "बाई, तू पेपरवाली आहेस. आपल्या घरच्या घडीचे किती येतीन, पाहून सांग ना."

कारण साधं होतं. मामेबहिणीला नागपूरला नर्सिंगला अॅडमिशन मिळत होती. पहिल्या वर्षाची फी, होस्टेल, मेस असं सगळं मिळून आकडा लाखाच्या वर जात होता. मामाची धानाची शेती. धान घरात येणार दिवाळीनंतर आणि फी भरायची सप्टेंबरात.

मी काय केलं? जे आपण सगळेच करतो तेच. सर्च मारला! एका साइटवर अगदी तस्संच दिसणारं वॉल्थम होतं. झाकणाचं, सोनेरी. किंमत अडीच हजार डॉलर. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि ऐटीत सांगून टाकलं, "मामा, दोन लाख तरी कुठे गेले नाहीत."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग मामा म्हणाला, "बरं झालं बाप्पा." आणि फोन ठेवला.

त्या "बरं झालं"चा अर्थ मला महिन्याभराने कळला. एज्युकेशन लोनसाठी मामाने बँकेतून फॉर्म आणला होता, अर्धा भरलाही होता. माझ्या फोननंतर त्याने तो देव्हाऱ्यामागे खोचून ठेवला. कशाला डोक्यावर कर्ज, घरात दोन लाखांची घडी असताना!

धानोऱ्याची वारी

ऑगस्टमध्ये मी घड्याळ आणायला गेले. पुणे ते नागपूर रेल्वेने, तिथून एसटीने गडचिरोली आणि पुढे पूर्वेला पस्तीसेक किलोमीटरवर धानोरा. हाच रस्ता तसाच पुढे मुरुमगावमार्गे छत्तीसगडात जातो. पावसाळ्यात हा सगळा पट्टा असा काही हिरवा होतो की मोबाइलला रेंज नसल्याचं दुःख पहिल्या तासाभरातच संपतं.

घड्याळ आजीच्या पेटीत होतं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मामाने ते माझ्या हातात ठेवलं आणि त्याबरोबर दोन दंतकथाही दिल्या. पहिली आजोबांची. ते हयात असताना सांगायचे, की पणजोबा लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी होते आणि जंगल खात्याच्या एका गोऱ्या साहेबाने वाघाच्या शिकारीनंतर खूश होऊन हे घड्याळ त्यांना इनाम दिलं. दुसरी मामाची. त्याच्या मते हे घड्याळ रेल्वेचं. सागाच्या गाड्या घेऊन पणजोबा वडसा स्टेशनला जायचे, तिथल्या गार्डाने रिटायर होताना विकलं.

दोन्ही कथा रंगतदार. मामाचं घड्याळाशी नातंही तसंच रंगीत. वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर. दिवाळीनंतर या भागात रात्र-रात्र नाटकं चालतात आणि तरुणपणी मामाही त्यात हौसेने काम करायचा. जमीनदाराची भूमिका असली की पणजोबांचं घड्याळ त्याच्या कोटात. "एन्ट्री घेतली अन् टक्कन झाकण उघडलं, की पब्लिकच्या टाळ्या!" हे सांगताना त्याने रिकाम्या हातानेच झाकण उघडून दाखवलं.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. दोन्ही कथांवर ती नुसती हसली, बोलली काहीच नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं मी!

बंदुकीच्या कारखान्यातून घड्याळ

परतीच्या एसटीत पर्समध्ये दोन लाख (असं मला वाटत होतं) घेऊन बसले होते. नागपूरपर्यंत दुसरं काही काम नव्हतं, म्हणून वाचायला सुरुवात केली. आणि खरंच सांगते, अडकले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घड्याळ म्हणजे युरोपची मक्तेदारी. इंग्लंड आणि स्वित्झर्लंडचे कारागीर एकेक भाग हाताने घासून-पुसून बनवायचे. एका घड्याळाचं चाक दुसऱ्याला बसायचं नाही. बिघडलं की तो भाग पुन्हा हातानेच घडवायचा. अर्थातच घड्याळ ही श्रीमंतांची चीज होती.

बॉस्टनच्या एरन डेनिसन नावाच्या घड्याळवाल्याला एक भन्नाट कल्पना सुचली. स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात बंदुकीचे सुटे भाग यंत्रावर एकसारखे बनत होते. कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसायचा. मग घड्याळाचं असं का नको? १८५० मध्ये त्याने एडवर्ड हॉवर्डच्या साथीने बॉस्टनजवळ रॉक्सबरीला कारखाना काढला. १८५४ मध्ये तो चार्ल्स नदीकाठच्या वॉल्थम गावी हलला आणि घड्याळाला गावाचं नाव मिळालं.

ही सक्सेस स्टोरी मात्र सरळ रेषेत गेली नाही. १८५७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि ती लिलावात विकली गेली. नव्या मालकाने नेटाने चालवली आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांनी ही परवडणारी घड्याळं खिशात टाकली. मागणी वाढत गेली. कारखान्यात बायका मोठ्या संख्येने काम करू लागल्या, कारण केसाएवढ्या स्क्रूंशी खेळायला त्यांचा हात सराईत होता.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमने आपोआप स्क्रू पाडणारी यंत्रं मांडली. स्वित्झर्लंडहून परीक्षक म्हणून आलेले एदुआर फाव्र-पेरे ते पाहून हादरले. मायदेशी परतून त्यांनी आपल्या लोकांना बजावलं, की बाबांनो, जागे व्हा, नाहीतर संपलो आपण. स्विस मंडळी जागी झाली, हे वेगळं सांगायला नको!

तोवर अमेरिकेत इतरही कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. १८६४ मध्ये शिकागोजवळ एल्जिन, १८९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला हॅमिल्टन. आणि १८९६ मध्ये इंगरसोल बंधूंनी तर कमालच केली. 'यँकी' नावाचं घड्याळ, किंमत फक्त एक डॉलर! कामगार, शेतकरी, शाळकरी पोरं, कुणाच्याही खिशात आता वेळ मावू लागली.

चार मिनिटांची किंमत

मामाच्या गार्डाची कथा खरी असेल का, हे तपासायला मी रेल्वेच्या घड्याळांकडे वळले आणि अंगावर काटा आला.

१८ एप्रिल १८९१. ओहायो राज्यातलं किप्टन नावाचं छोटं स्टेशन. एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या. एकीने बाजूला थांबायचं आणि टपालगाडीला वाट द्यायची, असा हुकूम. पण थांबणाऱ्या गाडीवरचं एक घड्याळ वाटेत चार मिनिटं बंद पडलं आणि पुन्हा आपोआप सुरू झालं, असं सांगतात. अजून वेळ आहे अशा समजुतीत गाडी पुढे निघाली. टक्कर झाली. दोन्ही इंजिनांचे ड्रायव्हर आणि टपालाच्या डब्यातले कारकून जागीच गेले.

त्यानंतर रेल्वे कंपनीने क्लीव्हलंडचे जवाहीर वेब बॉल यांना घड्याळांची तपासणी करायला नेमलं. त्यांच्या कामातून १८९० च्या दशकात रेल्वे घड्याळांचे कडक नियम आले. झाकण नको, वेळ एका नजरेत दिसली पाहिजे. आकडे ठळक आणि साधे. निदान सतरा ज्युएल्स. पाच वेगवेगळ्या स्थितींत धरून तपासलेलं. थंडीत-उन्हात सारखं चालणारं. आणि आठवड्यात जास्तीत जास्त तीस सेकंदांचा फरक! म्हणजे सहा लाख चार हजार आठशे सेकंदांत फक्त तीस चुकायचे. आपल्यातला कुठला कर्मचारी या अप्रेझलमध्ये पास होईल?

वेळ लावायची पद्धतही और. आधी पुढची काच फिरवून काढायची, कडेला लपलेली एक बारीक पट्टी बाहेर ओढायची आणि मगच काटे हलवायचे. खिशात हात घालताना चुकून वेळ बदलू नये म्हणून ही खबरदारी.

आपल्याकडे तर वेळेचा गोंधळ आणखी मजेशीर. मुंबईची वेळ वेगळी, रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी एक प्रमाणवेळ आली, पण मुंबई ऐकेना! मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. एकाच शहरात दोन वेळा. आजच्या मुंबईकराला ऑफिसात उशीर झाल्यावर ही सबब किती कामाला आली असती!

भारतात तेव्हा दबदबा होता स्विस घड्याळांचा. मुंबई-कोलकात्यात वेस्ट एन्ड वॉच कंपनी, फाव्र-ल्यूबा यांची नावं घरोघरी माहीत होती. त्यांच्या बरोबरीने अमेरिकन घड्याळंही बाजारात यायची. वडसा स्टेशन गोंदिया-चांदा मार्गावरचं. तेव्हाची नॅरोगेज, आता ब्रॉडगेज. अनेक वर्षं गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन होतं ते एवढं एकच. त्यामुळे मामाची कथा अगदी अशक्य नव्हती. एसटी नागपुरात शिरेपर्यंत मी तिच्यावर विश्वासही ठेवला होता.

भिंगाखालचं सत्य

इतवारीतल्या एका गल्लीत जेमतेम एक खुर्ची मावेल एवढं दुकान. तिसऱ्या पिढीचे घड्याळवाले काका. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण पात्याने उघडलं आणि दुकानात मिनिटभर फक्त टिकटिक. सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. हे घड्याळ शंभराहून जास्त वर्षांचं आहे, याचा विचार केला तर गरगरायला होतं.

"वॉल्थम. ग्रेड सहाशेवीस. पंधरा ज्युएल," काका म्हणाले. ज्युएल म्हणजे दागिन्यातला खडा नव्हे. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांशी बसवलेले माणकाचे बारीक मणी. मशीनवरचा सीरियल नंबर एक कोटी सत्तर लाखांच्या पुढचा, म्हणजे घड्याळ साधारण १९०८-०९ चं. वॉल्थमची ही खासियत. प्रत्येक मशीनवर नंबर, आणि नंबरावरून वर्षाचा अंदाज.

"रेल्वेचं आहे?" मी आशेने विचारलं.

"झाकण आहे ना याला. रेल्वेला झाकण चालत नव्हतं. अन् ज्युएलही कमी."

गार्ड गेला. मग मी हळूच मुद्द्यावर आले. "आणि सोनं?"

काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि मागच्या झाकणाच्या आतली बारीक अक्षरं दाखवली. तिथे वीस वर्षांची हमी कोरलेली होती. मामा हीच अक्षरं दाखवून म्हणायचा, "वीस वर्षांची गॅरंटी, अन् शंभर वर्षं चालली!" पण ती गॅरंटी घड्याळाची नव्हतीच. ती होती सोन्याच्या थराची! साध्या धातूच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा चिकटवून, लाटून हे केस बनवायचे. वरचं सोनं वीस वर्षं झिजणार नाही, एवढंच कंपनीचं म्हणणं. "सोन्याची असती तं कॅरेट लिहिलं असतं. गॅरंटी कशाले लिहिली असती?" काकांचं लॉजिक बिनतोड.

मी साइटवर पाहिलेलं अडीच हजार डॉलरवालं घड्याळ होतं चौदा कॅरेटच्या भरीव केसचं. शिवाय ती मागितलेली किंमत होती, मिळालेली नाही. वॉल्थमने एकूण साडेतीन कोटींच्या आसपास घड्याळं बनवली, एल्जिनने सहा कोटींच्या घरात. म्हणजे जुनं असणं वेगळं आणि दुर्मिळ असणं वेगळं. आमच्यासारखं घड्याळ अमेरिकेत शंभरेक डॉलरला सहज मिळतं.

"चालू आहे, तबकडीला तडा नाही. शौकीन भेटला तं आठ-दहा हजार," काका म्हणाले. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावून थबकले. "हे पाहा. या खुणा आमच्या लोकांच्या. दुरुस्ती केली की झाकणाच्या आत सुईने खूण करून ठेवतात. पण या दोन वेगळ्या आहेत. रक्कम लिहिली आहे. हा सराफाचा हात दिसते. गहाण ठेवली होती कोणीतरी."

एका खुणेत स्पष्ट वाचता येत होतं : ३०० आणि बाजूला ८६.

मग किंमत ठरते तरी कशावर?

त्या रात्री नागपूरच्या लॉजवर मी हिशेब मांडत बसले. सोन्याची घड्याळंही सगळी वाचलीत असं नाही. सोन्याचा भाव वाढला की लोक केस वितळवतात आणि आतलं मशीन भंगारात जातं. सुटे भाग एकसारखे असल्यामुळे त्याच भंगारातून दुसरी घड्याळं दुरुस्त होतात. डेनिसनची कल्पना पावणेदोनशे वर्षांनीही कामाला येते ती अशी.

हॅमिल्टनचं रेल्वेसाठीचं '९९२' मॉडेल काही शे डॉलरला जातं. तेवीस ज्युएल्सची उत्तम मशीन्स त्याहून बरीच वर. पण खरा भाव कधीकधी मशीनचा नसतोच. आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या ना. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले. कमरेला लटकणारं त्यांचं घड्याळ जगभर ओळखीचं झालं होतं. त्यातलं एक होतं इंगरसोल, तेच ते डॉलरवालं, गरिबाच्या खिशातलं. दुसरं होतं झेनिथ, स्विस बनावटीचं, इंदिरा गांधींनी दिलेलं. ते १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात चोरीला गेलं आणि पुढे चोराने स्वतः आणून परत केलं!

हे झेनिथ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट ५ मार्च २००९ ला न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाले. विजय मल्ल्या यांनी बोली जिंकली, अठरा लाख डॉलरला. तसंच दुसरं झेनिथ बाजारात किती किरकोळ किमतीला जाईल! फरक कमरेचा होता.

माझ्या हातातल्या घड्याळाची कंबर कुणाची, हे मला अजून कळायचं होतं.

आजीचा जबाब

दुसऱ्या दिवशी मामाला फोन करायला हवा होता. धीर झाला नाही. दोन लाख मी फोनवरच सांगितले होते, पण दहा हजार फोनवर सांगवेनात. पुन्हा एसटी, पुन्हा धानोरा.

मी सगळं सांगितलं. भरीव सोनं, लाटलेलं सोनं, मागितलेली किंमत, माझी चूक. मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठला आणि बैलांना चारा घालायला गेला. चारा आधीच घातलेला होता, हे मला दिसत होतं. मामेबहीण म्हणाली, "जाऊ दे ताई, पुढल्या वर्षी घेईन अॅडमिशन." हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला रडूच आलं. सप्टेंबरची तारीख बारा दिवसांवर होती.

विषय बदलायचा म्हणून मी आजीला त्या खुणांबद्दल विचारलं. गोरा साहेब खरा की गार्ड?

"कुठून आणली ते मले नाही मालूम," आजी म्हणाली. "कुठं गेली होती ते मालूम आहे."

पहिल्यांदा गेली मामाजींच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या हयातीत. ऐन रोवणीत बैल मेला तेव्हा. दुसऱ्यांदा १९८६ मध्ये. माझ्या आईला डी.एड.ला नंबर लागला होता आणि फी नव्हती. आजीने घरात कुणाला न सांगता घड्याळ गडचिरोलीला नेलं. सराफाने एक नजर टाकली आणि म्हणाला, सोनं नाही बाई हे, तीनशे देतो. आजीने घेतले. दीड वर्ष मोहफुलं आणि तेंदूपानं वेचून पै-पै जमवली आणि सोडवून आणलं. आजोबांना वाटायचं, घड्याळ पेटीतच आहे.

म्हणजे १९८६ मध्ये एका सराफाला जे दोन मिनिटांत कळलं, ते मला फास्ट इंटरनेट असूनही कळलं नव्हतं. आणि माझी आई शिकली, मास्तरीण झाली, म्हणून मी मास कम्युनिकेशनची डिग्री मिरवत पुण्याला बसलेय, तीही त्याच तीनशे रुपयांच्या जोरावर!

मामा दारात उभा राहून ऐकत होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. तो काही बोलला नाही. देव्हाऱ्यामागे हात घालून त्याने लोनचा फॉर्म काढला, धूळ झटकली आणि माझ्यासमोर ठेवला. "इंग्रजीत आहे. भर आता तूच."

भरला. बारा दिवसांत लोन कुठलं मंजूर होतंय! पण कॉलेजने दोन हप्त्यांची सवलत दिली. पहिला हप्ता मी भरला, नव्या फोनसाठी साठवलेल्या पैशातून. माझी चूक होती, उपकार नव्हते. लोन ऑक्टोबरात मंजूर झालं. नागपूरच्या काकांनी घड्याळ साफ करून, तेल घालून दिलं. विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

दिवाळीला धानोऱ्याला गेले तर मामेबहीणही आलेली. त्यांना पहिल्याच महिन्यात नाडी मोजायला शिकवतात आणि त्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं. युनिफॉर्मला पिनने लटकवायचं, उलटं. बघायला गेलं तर तेही पॉकेट वॉचच्याच घराण्यातलं! तिचं क्वार्ट्झचं घड्याळ होस्टेलवर राहिलं होतं. मग आजीची पेटी उघडली गेली. किल्ली फिरवली, टक्कन झाकण उघडलं. खालच्या छोट्या वर्तुळात सेकंदकाटा पळू लागला. बहिणीने आजीचं मनगट धरलं आणि आम्ही सगळे पूर्ण एक मिनिट गप्प बसलो.

"बहात्तर," ती म्हणाली. "एकदम नॉर्मल."

चौकट : जुनं घड्याळ हाती आलंय?

• आधी मशीन बघा. नाव आणि सीरियल नंबर तबकडीपेक्षा मशीनवरचा महत्त्वाचा. अमेरिकन घड्याळात केस आणि मशीन बऱ्याचदा दुकानात वेगवेगळं निवडलं जायचं, त्यामुळे दोन्हींचे नंबर वेगळे असले तर घाबरू नका.

• 'गॅरंटी' की 'कॅरेट'? केसवर दहा, वीस, पंचवीस वर्षांची हमी असेल तर सोन्याचा फक्त थर आहे असं समजा. सराफाकडून तपासून घ्याच.

• मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. साइटवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या घड्याळांचे आकडे बघा. (हे मी अनुभवाने सांगतेय!)

• चकचकीत तबकडीपासून सावध. रंगवलेली तबकडी आणि दहा घड्याळांचे भाग जोडून बनवलेल्या मालाला जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

• बंद घड्याळाला जबरदस्तीने किल्ली देऊ नका. आतलं तेल वाळलेलं असतं, चाकं झिजतात. आधी साफसफाई करून घ्या. रोज वापरत असाल तर रोज ठरावीक वेळी किल्ली द्या.

• मोबाइलशेजारी ठेवू नका. स्पीकरमधल्या चुंबकाचा परिणाम होऊन घड्याळ पुढे पळू शकतं.

• परदेशी विकायचा विचार आहे? शंभर वर्षांवरच्या कारागिरीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

• आणि सगळ्यात आधी घरातल्या आजीला विचारा!